टिकटिक की टकटक?

आमच्या घरामागच्या शेडमध्ये आप्पांची अँबॅसिडर नऊ वर्षं उभी होती. उभी म्हणायचं ते रीत म्हणून. चारही टायरांतली हवा गेल्यामुळे खरं तर ती बसलेली होती. या काळात डिकीत कांदे साठवले गेले, मागच्या सीटवर मांजरीची दोन बाळंतपणं झाली आणि बॉनेटखालची वायरिंग उंदरांनी चवीचवीनं संपवली. दर दसऱ्याला आम्ही मात्र बॉनेटला झेंडूचा हार घालून नारळ फोडत होतो. नऊ वर्षांत नऊ नारळ फोडले, एक लिटर ऑइल घातलं नाही. श्रद्धा आणि सर्व्हिसिंग यांतला फरक कळायला मला साठी गाठावी लागली.

गाडी 1978 सालची, मार्क थ्री, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. अँबॅसिडरचा उत्तरपाड्याचा कारखाना मे 2014 मध्ये बंद पडला, तेव्हा आप्पांनी बातमीचं कात्रण कापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं आणि पुढच्याच वर्षी गाडी चालवणं सोडलं. "आता पार्ट मिळणार नाहीत," म्हणाले. गाडीचे की स्वतःचे, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि त्या दसऱ्याला गाडी चालू करायचं ठरवलं. याला कारण कोल्हापूरची हवा. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते. 1930च्या दशकातली गाडी जर निघू शकते, तर आमच्या 1978च्या पोरीला काय धाड भरली? या युक्तिवादात एकच खोट होती. मेबॅकची निगा माणसं राखतात. आमच्या गाडीची मांजर राखत होती.

वायरमनला बोलावून वायरिंग जोडून घेतली, टायरांत हवा भरली, नवी बॅटरी बसवली, पाच लिटर पेट्रोल ओतलं आणि सेल्फ मारला. "कट्" असा एकच उच्चार करून गाडी गप्प झाली. मग गल्लीतल्या पाच जणांनी उतारावर धक्का दिला. तिसऱ्या धक्क्याला निळा धूर सोडून इंजिन चालू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या थांबल्या तरी टाळ्यांसारखंच काहीतरी वाजत राहिलं. बॉनेटखाली कुणीतरी पत्र्यावर शेरभर वाटाणे ओतत होतं, आणि ते काही केल्या संपत नव्हते.

बंद गाडीपाशी कुणी फिरकत नाही. वाजणाऱ्या गाडीपाशी मात्र प्रत्येकाला थांबावंसं वाटतं. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी आहे. दूध घालणारा म्हणाला, पंख्यात काहीतरी अडकलंय. शेजारच्या काकांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि "गॅस झालाय" असं निदान केलं. पण त्यांना आयुष्यात दुसरं काही झालेलंच नाही. प्रत्येक जण आपल्याला जे झालंय तेच गाडीला झालंय असं सांगत होता. गुडघे दुखणाऱ्या आजींनी सांधे सुचवले, आणि पुढे दिसून आलं की सगळ्यांत जवळ त्याच पोहोचल्या होत्या.

मी मिस्त्रींना फोन लावला. आप्पांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातची. मी सविस्तर हकिकत सांगायला लागलो, तर ते मध्येच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या सायब. टिकटिक हाय का टकटक?"

मी गप्प. मराठीत आवाजांची एवढी श्रीमंती आहे याची मला कल्पना होती, पण त्या श्रीमंतीवर कुणी गाडी दुरुस्त करत असेल याची नव्हती. मिस्त्रींनी फोनवरच शब्दकोश उघडला. बारीक, वरून येणारी, शिलाई मशीनसारखी टिकटिक असेल तर टॅपेट. पुढच्या बाजूनं खळखळ असेल तर टायमिंग चेन. थंड असताना खटखट आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन. आणि खाली पोटातून ठोकठोक येत असेल, ती गाडीवर जोर दिला की वाढत असेल, तर बेअरिंग. "मग मला फोन करू नगा. भंगारवाल्याला करा."

"मिस्त्री, कटकट आहे," मी म्हणालो.

"ती तुमच्या घरात. गाडीचं सांगा."

शेवटी मी फोन इंजिनाजवळ धरला. पलीकडून पाच सेकंद शांतता. मग आवाज चढला. "बंद करा! आदी बंद करा! ऑइल बगितलासा का?"

ऑइल बघायला एक काठी असते, ती ओढून काढून पुसायची असते, हे मला माहीत होतं. ती कुठं असते तेवढंच आठवत नव्हतं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार होते. मधल्या रात्री मी मिशिगनमधल्या पुतण्याला आवाज पाठवला. त्यानं तिकडे जुनी आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी घेतली आहे. दर हिवाळ्यात ती गॅरेजमध्ये झाकून ठेवतो आणि दर वसंतात तिचा आवाज ऐकून हवालदिल होतो. त्यानं तातडीनं फोन केला.

"काका, लिफ्टर्स! पार्किंगमध्ये ऑइल गळून गेलंय. डोन्ट वरी."

मग त्यानं जे समजावलं ते खरोखरच सुरेख होतं. त्याच्या गाडीतले लिफ्टर हायड्रॉलिक. प्रत्येकाच्या पोटात एक इवलासा दट्ट्या आणि त्याच्याखाली ऑइल. इंजिन चाललं की ऑइलचा दाब दट्ट्याला वर ढकलतो आणि सांध्यातली मोकळी जागा आपोआप भरून निघते. मग आवाजच नाही. कॅडिलॅकनं 1930 साली सोळा सिलिंडरच्या गाडीत ही सोय दिली, ती श्रीमंत लोकांना टिकटिक ऐकवत नव्हती म्हणून. पण गाडी महिनोन्महिने उभी राहिली की काही दट्ट्यांखालचं ऑइल झिरपून जातं, नाहीतर जुन्या ऑइलचा चिकटा धरतो, आणि दट्ट्या रुसून बसतो. यावर तिकडे काढे आहेत. कुणी ऑइलमध्ये गिअर बॉक्सचं लाल पातळ तेल घालतो, कुणी बाटलीतलं गूढ औषध. घालायचं, वीस मिनिटं गाडी चालू ठेवायची, आणि लिफ्टर एकेक करून गप्प होतात. न झाले तर ऑइल बदलायचं, आणि तरीही न झाले तर उघडायचं.

"काका, अर्धा लिटर घाला आणि चालवा."

सकाळी मी मिस्त्रींना हा अमेरिकन काढा सांगितला. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात ठेवली. "पुतण्या हुशार हाय तुमचा. पर त्येच्या गाडीच्या टॅपिटात जीव हाय. आपल्या टॅपिटात न्हाई. आपलं नुसतं लोखंड. त्येला औषध पाजून काय उपेग? तुमी खुर्चीला कधी कफाचं औषध दिलासा का?"

म्हणजे आजार एक, औषध दुसऱ्याच पेशंटचं. आमची अँबॅसिडर ब्रिटिश घराण्यातली. तिच्या टॅपेटांना स्वतःहून काही भरून काढता येत नाही. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फट ठेवावी लागते, माणसाच्या हातानं, मोजून. पंधरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंधरा थाऊ म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट, मिलिमीटरच्या हिशेबात 0.38.

"पर त्ये नंतर," मिस्त्री म्हणाले. "नऊ वर्षं उपाशी हुती, आन् उठल्या उठल्या पळाय लावलासा? आदी प्लग काडून वरनं चार थेंब तेल सोडायचं. दोन दिस मुरवायचं. मग हँडलनं हातानं फिरवायचं. मग सेल्फ. पोराला उठवतासा तेव्हा थेट शाळंत न्हेतासा व्हय?"

टॅपेट कव्हर उघडलं. आत काकवी थिजल्यासारखा काळा गाळ. कोल्हापुरात काकवी कुणाला नवी नाही, पण इंजिनाच्या डोक्यात मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. ऑइलचा पंप खालून ऑइल वर चढवतो, ते हेडमधून पोकळ रॉकर शाफ्टमध्ये जातं, शाफ्टला बारीक भोकं, त्यांतून प्रत्येक रॉकरला घोटभर मिळतं. आमच्याकडे ती भोकं बुजलेली. आठही रॉकर कोरडे ठणठणीत. म्हणजे वाटाणे ओतले जात होते ते हेच, एका व्हॉल्व्हचे मिनिटाला चारशे. कारण कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीनं फिरतो. इंजिन मिनिटाला आठशे फिरलं की प्रत्येक व्हॉल्व्ह चारशेदा उघडतो. आठ व्हॉल्व्हचे तीन हजार दोनशे. एवढे वाटाणे मिनिटभर ऐकून हेडमास्तरांना पेट्रोलात पाणी दिसावं, हे त्यांच्या मनाचं मोठेपण.

शाफ्ट साफ करायचा तर उतरवावा लागतो. इथं एक गंमत आहे. रॉकरच्या खुंट्यांचे नट हेडलाही धरून असतात. त्यामुळे तेवढेच सोडून चालत नाही. रेडिएटरमधलं पाणी काढायचं आणि हेडचे सगळे नट क्रमानं थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर हेड वाकतं. बँकेत असताना मी सातबाऱ्यावरची कर्जं पाहिली होती. एका भावाला तुकडा विकायचा असला तरी सगळ्या भावांना सहीसाठी उभं करावं लागतं, आणि त्यांना ठरावीक क्रमानंच बोलवावं लागतं, नाहीतर घर वाकतं. मला प्रक्रिया लगेच समजली.

शाफ्टखालून पुश रॉड निघाले. त्यानंतर इंजिनाच्या कुशीतली दोन पत्र्याची झाकणं उघडून मिस्त्रींनी टॅपेट एकेक करून बाहेर काढले. पेल्यासारखे, बोटभर उंच, आठ. "हे सरमिसळ हुऊ देऊ नगा," ते म्हणाले. "प्रत्येकाची आपल्या कॅमसंगं झीज झालीया. ह्याचा त्याला दिला की दोघंबी बिघडत्यात. नंबरवार ठेवा."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि नंबरवार ठेवायला जगातली सर्वोत्तम वस्तू घेऊन आलो, मसाल्याचा डबा. जिरं, मोहरी, हळद रिकामी करून सात वाट्यांत सात टॅपेट मांडले. आठवा हातात राहिला. मसाल्याच्या डब्याला सात वाट्या का, याचं उत्तर आपल्या पूर्वजांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण चार सिलिंडरचं इंजिन त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं हे नक्की. घाईघाईत आठव्याला मी देवघरातल्या हळदीकुंकवाच्या करंड्यात कुंकवाच्या बाजूला ठेवलं.

बायको क्लासवरून परतली तेव्हा डब्यात टॅपेट होते, मोहरी वर्तमानपत्रावर होती, आणि करंड्यातून मिस्त्री आठवा टॅपेट काढत होते. लालभडक. "ह्यो मानाचा हाय का?" त्यांनी विचारलं. बायको काही बोलली नाही. ती तबला शिकवते. शांततेचीही मात्रा मोजायची तिला सवय आहे. त्या दिवशीची शांतता साधारण चोवीस मात्रांची होती.

आठांपैकी दोघांच्या तळाला गंजाचे ठिपके होते. ते बदलले, नवे उद्यमनगरात मिळाले. तेलाची टाकी खालून उतरवून धुतली, जाळी रॉकेलनं साफ केली, शाफ्टच्या भोकांतून तार फिरवली. मग सगळं पुन्हा जागेवर, भावांच्या सह्या क्रमानं, आणि ताजं ऑइल.

आता टॅपेट सेटिंग. मिस्त्रींनी पुढून हँडल घातलं आणि माझ्या हाती दिलं. "फिरवा. आठवा व्हॉल्व पार खाली गेला की मला सांगा. मी पैला सेट करतो. सातवा खाली गेला की दुसरा. सहावा गेला की तिसरा. बेरीज नऊ. डोस्कं चालवायचं न्हाई."

तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला डोकं न चालवता बेरीज करायला सांगणं हा सन्मानच होता. आठ आणि एक नऊ, सात आणि दोन नऊ. या इंजिनात व्हॉल्व्ह दोन्ही टोकांकडून आरशातल्यासारखे मांडलेले, म्हणून हा हिशेब जमतो: एक पूर्ण उघडलेला असतो तेव्हा त्याचा जोडीदार पूर्ण मोकळा असतो. मिस्त्री फटीत फिलर गेजचं पंधरा थाऊचं पातं सरकवत, स्क्रू पिळत, नट आवळत, पुन्हा पातं ओढून बघत. "लोन्यातनं सुरी गेल्यागत जायला नगं, आन् दगडातनं ओढल्यागतबी नगं. चिवट पायजे."

कव्हर लावलं, इंजिन चालू केलं. वाटाणे थांबले. गल्ली हळहळली, कारण आता मत देण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मिस्त्रींचा हात हातात घेणार, एवढ्यात बायको दारातून म्हणाली, "एक वाजतोय."

आम्ही दोघांनी कान टवकारले. मला काहीच ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"बाकी सगळे लयीत आहेत," ती म्हणाली. "आधी आठही बेसूर होते, म्हणून सगळा गोंगाट होता. आता केरव्यात आठ मात्रांत एकच जड पडतेय. दर आवर्तनात तीच."

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक कव्हरवर ठेवून एकेका व्हॉल्व्हपाशी सरकवलं. डॉक्टरांसारखंच, फक्त स्टेथोस्कोपच्या जागी नऊ इंची लोखंड. मग माझ्याकडे नाही, बायकोकडे बघून म्हणाले, "वैनी, तुमचा कान बराबर हाय. एक हाय."

गल्लीचा संशय साहजिकच आठव्यावर गेला. कुंकू लागलेल्याकडून अपेक्षाही जास्त असतात. मिस्त्रींनी कव्हर काढून इंजिन हळू चालू ठेवलं आणि फिलरचं पातं चालत्या फटीत एकेक करून घातलं. आठव्यात घातलं, फरक नाही. सातव्यात नाही. सहाव्यात घातलं आणि आवाज गप्प! काढलं, पुन्हा टिक. सापडला.

पण सहाव्याची फट तर त्यांनी स्वतः मोजून पंधरा थाऊ ठेवलेली. पुन्हा मोजली, पंधराच. मिस्त्रींनी शाफ्ट परत उतरवला. सगळ्या भावांना पुन्हा बोलवावं लागलं. सहाव्या रॉकरचं टोक त्यांनी बोटानं चाचपलं आणि माझं बोट त्यावर फिरवलं. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं ठोकत राहिल्यामुळे तिथं बशीसारखा खड्डा पडला होता. फिलरचं पातं सरळ, खड्डा गोल. पातं खड्ड्याच्या दोन काठांवर टेकत होतं आणि फट पंधरा आहे असं सांगत होतं. प्रत्यक्षात खाली आणखी दहा-बारा थाऊ पोकळ होते.

"फिलर खोटं बोलत हुतं," मिस्त्री म्हणाले, आणि थोडं थांबून, "आन् माझी नजर चुकली." मिस्त्रीनं स्वतःची चूक कबूल करणं ही मोटारींच्या इतिहासातली दुर्मिळ घटना आहे. 1930च्या कॅडिलॅकइतकीच.

रॉकर उद्यमनगरात गेला, टोक घासून गुळगुळीत होऊन आला. पुन्हा सगळं जागेवर, पुन्हा बेरीज नऊ. चालू केलं. मी कान लावून ऐकलं, बायकोनं डोळे मिटून ऐकलं. एक बारीक, एकसारखी टिकटिक. आठही समान.

"मिस्त्री, अजून वाजतंय," मी म्हणालो.

"वाजणारच."

"मग फट अजून कमी करा. दहा थाऊ. पाच. पार बंद करून टाका."

मिस्त्रींनी हात पुसले आणि प्रथमच जरा गंभीर झाले. "सायब, फट पार मिटवली तर आवाज जातोय. लगीच जातोय. पर इंजन गरम झालं की लोखंड वाडतंय, फट ऱ्हात न्हाई, व्हॉल्व आपल्या बैठकीवर टेकत न्हाई. जळका वायू भाईर सोडणारा व्हॉल्व बैठकीवर टेकला तरच त्येची उष्णता खाली उतरती. न्हाई टेकला तर जळतोय. वाजणारा टॅपिट सांगून तरी वाजतोय. गप बसलेला सांगत न्हाई. गाडी एकदम गप झाली तर मला बोलवा. वाजत असंल तर चालवा."

दसऱ्याला आम्ही दसरा चौकापर्यंत गेलो. मेबॅकच्या जवळपास आम्हाला कुणी फिरकू दिलं नाही. गाडी लांब कडेला लावून चालत गेलो. वाटेत बायकोची बोटं सारखी डॅशबोर्डवर चालत होती, इंजिनाच्या लयीत. त्या डब्यातल्या मसाल्याच्या आमटीला पुढं पंधरा दिवस ऑइलचा वास होता. आणि नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंचं कुंकू तीन दिवस पुसता पुसलं गेलं नाही, असं कानावर आलं. त्याचा आणि आठव्या टॅपेटचा संबंध मी घरात लावलेला नाही.

रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, लिफ्टर्स पंप अप झाले? गेला का आवाज?"

मी बायकोकडे पाहिलं. ती विद्यार्थ्यांची तुकडा-रेल्यांची वही चाळत होती.

"गेला नाही रे," मी म्हणालो. "बसवलाय."